पवनचक्की ग्रिडला जोडताना रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरचा हिशोब कसा करायचा

विदर्भात पवनचक्क्या फारशा नाहीत. वारा आहे तो सातारा, सांगली, धुळे, नंदुरबार, बीडकडच्या डोंगरमाथ्यांवर. तरी नागपुरात बसून या प्रकल्पांचं काम हातात येतंच. कुणाकडे लोड फ्लोचा (ग्रिडमध्ये कुठे किती वीज आणि व्होल्टेज असेल याचा) अभ्यास येतो, कुणाकडे कॅपॅसिटर बँकेचं पॅनेल, कुणाकडे ग्रिडजोडणीची कागदपत्रं. शिवाय रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरचं जे कलम पवनऊर्जेला लागू आहे तेच सौरप्रकल्पांनाही आहे, त्यामुळे इथे शिकलेलं आपल्या भागातल्या सौरप्रकल्पांवरही चालतं. नुकताच डिप्लोमा किंवा बीई करून या कामात उतरलेल्यांसाठी हा लेख आहे. पॉवर फॅक्टर आणि तीन फेजचं गणित येतं असं धरलं आहे.

नियम काय मागतो

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे ग्रिडजोडणीच्या तांत्रिक मानकांचे नियम २००७ सालचे. पवनऊर्जेची खास कलमं त्यात २०१३ च्या दुरुस्तीने आली आणि २०१९ च्या दुरुस्तीने वाढली. आपल्याला रोज लागतं ते वाक्य असं: १५ एप्रिल २०१४ पासून पुढे जोडलेल्या केंद्राने पॉवर फॅक्टर ०.९५ लॅगिंग ते ०.९५ लीडिंग या मर्यादेत राखता येईल इतकी रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर देण्याची क्षमता ठेवली पाहिजे, आणि ती गतिमान पद्धतीने बदलणारी हवी.

या वाक्यातल्या दोन गोष्टी नवखा माणूस हमखास निसटू देतो. पहिली, ही मागणी केंद्राकडे आहे, एकेका मशीनकडे नाही. म्हणजे मोजमाप ग्रिडशी जोडणीच्या बिंदूवर होणार. दुसरी, "गतिमान". हाताने किंवा ब्रेकरने चालू-बंद होणाऱ्या कॅपॅसिटरच्या जोरावर सगळी मागणी भागवू असं ठरवलंत तर अभ्यास परत येईल.

६६ केव्ही आणि त्यावर जोडलेल्या केंद्रांना आणखी एक अट आहे. ग्रिडमध्ये फॉल्ट होऊन व्होल्टेज कोसळून मूळच्या १५ टक्क्यांवर आलं तरी ३०० मिलिसेकंद मशीनने जोडलेलं राहायचं, आणि या काळात रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरला पहिला मान द्यायचा, अ‍ॅक्टिव्हला दुसरा. वरच्या बाजूलाही मर्यादा आहेत: १.१० ते १.२० पट व्होल्टेजला २ सेकंद, १.२० ते १.३० पटीला ०.२ सेकंद टिकायचं.

आधी चिन्ह ठरवा

बुटीबोरीच्या कारखान्यात काम केलेल्याला "लॅगिंग" म्हटलं की ग्रिडमधून व्हार (रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरचं एकक) ओढणारी मोटर दिसते. जनरेटरच्या बाजूने पाहिलं तर उलट आहे: लॅगिंग पॉवर फॅक्टरवर चालणारा जनरेटर ग्रिडला रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर पुरवतो, लीडिंगवर चालणारा ओढतो. जुनी इंडक्शन मशीन वॉट देते पण व्हार ओढते, आणि मीटरवर ते लोडच्या नजरेने नोंदलं की जनरेटरच्या नजरेने यावरून रिपोर्टमधले आकडे फिरतात. म्हणून प्रत्येक तक्त्याच्या माथ्यावर "अधिक म्हणजे ग्रिडला पुरवठा, उणे म्हणजे ग्रिडमधून ओढ" असं स्वच्छ लिहा, आणि नुसता पॉवर फॅक्टर न देता एमव्हीएआरचा (मेगाव्हारचा) आकडा द्या. मशीन बनवणारा, अभ्यास करणारा, कंट्रोलर लावणारा आणि मीटर वाचणारा अशा चौघांत एकाचं जरी चिन्ह उलटं असेल तर ते कमिशनिंगच्या दिवशी कळतं, आणि तोवर दुरुस्ती महाग झालेली असते.

मशीन कोणत्या जातीचं आहे ते बघा

जुन्या स्थिर वेगाच्या मशीनमध्ये पिंजरा रोटरची इंडक्शन मोटरच जनरेटर म्हणून फिरते. तिला स्वतःचं चुंबकीकरण ग्रिडमधून घ्यावं लागतं. पूर्ण भारावर तिचा पॉवर फॅक्टर साधारण ०.८६ ते ०.९० असतो, म्हणजे ५०० किलोवॉटचं मशीन २४० ते ३०० केव्हीएआर ओढतं. म्हणून तिच्या पॅनेलमध्ये कॅपॅसिटरच्या पायऱ्या असतात. इथे एक धोका आहे: लाइन ट्रिप होऊन मशीन कॅपॅसिटरसकट एकटं पडलं आणि कॅपॅसिटर नो-लोड चुंबकीकरणाच्या गरजेपेक्षा मोठे असले, तर मशीन स्वतःच उत्तेजित होऊन व्होल्टेज चढवतं. म्हणून कॅपॅसिटर नो-लोड गरजेपुरतेच कायम ठेवायचे, बाकीचे भाराप्रमाणे आत घ्यायचे आणि ग्रिड जाताच सगळे तोडायचे.

नंतरची डबली फेड मशीन रोटरच्या कन्व्हर्टरमधून व्हार देऊ-घेऊ शकते. तिची मर्यादा फॉल्टच्या वेळी दिसते. रोटरचा प्रवाह वाढून क्रोबार (रोटर शॉर्ट करून कन्व्हर्टर वाचवणारी जोडणी) लागला की तेवढा वेळ ती साध्या इंडक्शन मशीनसारखी वागते आणि नेमक्या नको त्या क्षणी व्हार ओढते. पूर्ण कन्व्हर्टरच्या मशीनमध्ये हा त्रास नाही, आणि बनवणाऱ्याने ती सोय दिली असेल तर वारा नसतानाही ती व्हार देते. "दिली असेल तर" यावर बोट ठेवून विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

बनवणाऱ्याकडून पीक्यू वक्र (किती वॉटला किती व्हार मिळतात तो आलेख) मागताना तो तीन व्होल्टेजवर मागा: ०.९, १.० आणि १.१ पट. कन्व्हर्टरची मर्यादा प्रवाहाची असते. व्होल्टेज ०.९ ला उतरलं की त्याच प्रवाहात एमव्हीए १० टक्क्यांनी घटतात, आणि वॉट तेवढेच ठेवले तर सगळी कात्री व्हारवर बसते. तापमानही विचारा. ४० अंशांवरचा वक्र ४५ अंशांना चालत नाही.

मुख्य हिशोब

नमुना म्हणून २ मेगावॉटची २५ मशीन्स, एकूण ५० मेगावॉट घेऊ. प्रत्येक मशीनपाशी ६९० व्होल्ट ते ३३ केव्ही असा २.३५ एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, इम्पीडन्स ६ टक्के. ३३ केव्हीच्या चार ओव्हरहेड लाइन, प्रत्येकीची परिणामी लांबी ८ किलोमीटर. सगळ्या मशीन्सची वीज एकत्र येते त्या पूलिंग उपकेंद्रात ३३/१३२ केव्हीचा ६० एमव्हीए ट्रान्सफॉर्मर, इम्पीडन्स १२.५ टक्के. जोडणीचा बिंदू पूलिंग उपकेंद्राच्या १३२ केव्ही बाजूला. अ‍ॅक्टिव्ह लॉस सोडून देऊ. त्याने उत्तर थोडं सुरक्षित बाजूला जातं.

ग्रिडकडून सुरुवात करून मशीनकडे मागे चालत जा.

बिंदूवर ५० मेगावॉट आणि ०.९५ पॉवर फॅक्टर, म्हणजे ५० × ०.३२९ = १६.४ एमव्हीएआर. एमव्हीए ५२.६.

पूलिंग ट्रान्सफॉर्मर: (५२.६ ÷ ६०) चा वर्ग × ०.१२५ × ६० = ५.८ एमव्हीएआर. चुंबकीकरणाचे ०.३ वेगळे.

३३ केव्ही लाइन: प्रत्येकीत १२.५ मेगावॉट, प्रवाह सुमारे २३० अँपिअर. रिअ‍ॅक्टन्स किलोमीटरला ०.३५ ओहम धरला तर ८ किलोमीटरला २.८ ओहम. ३ × २३०² × २.८ = ०.४४ एमव्हीएआर, चार लाइनचे मिळून १.८.

मशीनचे ट्रान्सफॉर्मर: २५ मिळून ५८.७५ एमव्हीए. त्यांच्यात पूर्ण भाराला सुमारे ३.०, आणि चुंबकीकरणाचे ०.४.

बेरीज २७.७ एमव्हीएआर. म्हणजे ग्रिडला १६.४ पोचवायचे तर वाटेतच ११.३ खर्च होतात.

आता मशीनकडे वळा. तपशीलपत्रात ०.९५ लिहिलेलं मशीन टर्मिनलवर ०.६५७ एमव्हीएआर देतं, २५ मिळून १६.४. अगदी नियमात मागितले तेवढेच, आणि म्हणूनच फसगत होते. "मशीन ०.९५ चं आहे, नियम ०.९५ चा आहे, मग काम झालं" असं म्हणून पुढे गेलेला प्रकल्प ११.३ एमव्हीएआरने तोकडा पडतो. हेच मशीन ०.९० चं घेतलं तर २४.२ मिळतात आणि तूट ३.५ वर येते. मशीनची खरेदी ठरायच्या आधी हा कागदभर हिशोब मांडणं, या सगळ्या कामात सर्वांत जास्त पैसा इथे वाचतो.

ओढायच्या बाजूला चित्र वेगळं आहे. पूर्ण भाराला ट्रान्सफॉर्मर आणि लाइनच सुमारे ११ एमव्हीएआर गिळतात, त्यामुळे १६.४ ओढून दाखवायला मशीन्सना जेमतेम ५ ओढावे लागतात. तूट फक्त पुरवठ्याच्या बाजूला असते. भरपाईचं यंत्र निवडताना हे लक्षात ठेवा.

दोन फरक तपासा. ओव्हरहेडऐवजी जमिनीखालची केबल असेल तर ती स्वतः व्हार तयार करते. ३३ केव्हीच्या ४०० चौरस मिलिमीटर केबलचा कॅपॅसिटन्स किलोमीटरला ०.२५ मायक्रोफॅरड धरला तर ०.०८५ एमव्हीएआर, ३० किलोमीटरला अडीच. भर वाऱ्यात ही मदत. वारा पडला की तीच केबल ग्रिडमध्ये नको असलेले व्हार ढकलत बसते. आणि जोडणीचा बिंदू पूलिंगला आहे की महापारेषणच्या उपकेंद्राच्या टोकाला, हे जोडणीच्या पत्रात वाचून घ्या. मध्ये २० किलोमीटरची १३२ केव्ही लाइन असेल तर ती भर भाराला सुमारे १.३ खाते आणि सुमारे १ तयार करते. फरक नगण्य वाटतो, पण वारा नसताना तो १ एमव्हीएआर तुमच्या मीटरवर येतो.

व्होल्टेज तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका

व्हार आहेत म्हणजे देता येतीलच असं नाही. ग्रिड १.०५ वर असताना पूर्ण पुरवठा मागितला असं धरा. पूलिंग ट्रान्सफॉर्मरमधून २२.५ एमव्हीएआर गेले की ३३ केव्ही बस सुमारे ४.७ टक्के वर जाते. मशीनच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये आणखी अडीच टक्के. मशीनच्या टर्मिनलवर १.१२ झालं आणि ओव्हरव्होल्टेजवर मशीन्स सुटायला लागली. यावर उपाय ऑन-लोड टॅप चेंजर, म्हणजे चालू भारावर ट्रान्सफॉर्मरचं गुणोत्तर बदलणारी सोय. पूलिंग ट्रान्सफॉर्मरला तो हवाच, १.२५ टक्क्यांच्या पायऱ्यांचा, आणि अभ्यासात प्रत्येक टोकाच्या परिस्थितीला टॅप कुठे असेल ते लिहिलेलं हवं. मशीनच्या ट्रान्सफॉर्मरला फक्त बंद अवस्थेत बदलायचा टॅप असतो, तो एकदाच विचार करून लावायचा.

किमान चार परिस्थिती चालवा: भर वारा आणि ग्रिड खाली, भर वारा आणि ग्रिड वर, वारा नाही आणि ग्रिड वर, आणि एक लाइन किंवा ट्रान्सफॉर्मर बाहेर. यातली दुसरी परिस्थिती आपल्या राज्यात अगदी खरी आहे. महाराष्ट्रात वारा जोरात असतो पावसाळ्यात, आणि पाऊस पडला की शेतीपंप बंद. काटोल-वरूडकडच्या संत्र्याच्या बागांचे पंप उन्हाळ्यात लाइनचं व्होल्टेज कसं खाली ओढतात हे इथल्या कुठल्याही लाइनमनला विचारा. जुलैत ती ओढ नसते. म्हणजे पवनकेंद्र पूर्ण क्षमतेने चालतं तेव्हाच ग्रिड वर असतो आणि केंद्राने व्हार ओढावेत अशी मागणी येते. उन्हाळ्याच्या आकड्यांवर केलेला अभ्यास जुलैत उपयोगी पडत नाही.

भरपाई: कॅपॅसिटर की एसव्हीजी

कॅपॅसिटर स्वस्त, पण त्याचे व्हार व्होल्टेजच्या वर्गाने घटतात. ०.९ पटीला ८१ टक्केच मिळतात. एसव्हीजी, म्हणजेच स्टॅटकॉम, हे कन्व्हर्टरने व्हार देणारं-घेणारं यंत्र. तो प्रवाह टिकवतो, त्यामुळे ०.९ पटीला ९० टक्के देतो आणि दोन्ही दिशांना काही मिलिसेकंदांत फिरतो. ११.३ च्या तुटीसाठी ±१२ चा एसव्हीजी हा सरळ मार्ग. ५ एमव्हीएआरची एक कॅपॅसिटर बँक आणि ±७ चा एसव्हीजी हा काटकसरीचा. ओढायची गरज कमी असल्यामुळे दुसरा पर्याय बऱ्याचदा पुरतो, मात्र बँक आत येताना एसव्हीजीने त्याच क्षणी ५ ने मागे सरायला हवं, म्हणजे ग्रिडला झटका जाणवत नाही. संपूर्ण तूट नुसत्या कॅपॅसिटरने, म्हणजे ५ च्या तीन पायऱ्या करून १५ एमव्हीएआरने, भागवण्याचा मोह टाळा, आणि त्याचं आणखी एक कारण आहे.

ते कारण हार्मोनिक, म्हणजे ५० हर्ट्झच्या पटीतल्या लहरी. १३२ केव्हीला २००० एमव्हीए शॉर्ट सर्किट पातळी असेल तर आपल्या नमुन्यात ३३ केव्ही बसवर ती ३८७ राहते. अनुनादाचा क्रमांक म्हणजे शॉर्ट सर्किट पातळी भागिले कॅपॅसिटरचे एमव्हीएआर, त्याचं वर्गमूळ. ५ ची एक पायरी: ८.८. दोन पायऱ्या: ६.२. तिसरी पायरी आत घेतली की ५.०८, म्हणजे थेट पाचव्या हार्मोनिकवर. दोन पायऱ्यांवर शांत चालणारी बँक तिसरीला फ्यूज उडवते याचं गणित हे असं असतं. उपाय ७ टक्के रिअ‍ॅक्टरचा. त्याने बँकेचा जोड १८९ हर्ट्झला बसतो, पाचव्याच्या खाली. मात्र रिअ‍ॅक्टरमुळे कॅपॅसिटरवरचं व्होल्टेज साडेसात टक्क्यांनी वाढतं, ३३ चं साडेपस्तीस होतं, तेव्हा कॅपॅसिटर त्याहून वरच्या रेटिंगचे मागवा. आणि ०.२ टक्क्यांचा रिअ‍ॅक्टर फक्त इनरश (चालू करतानाचा प्रवाहाचा झटका) आवरतो, हार्मोनिकवर त्याचा काही उपयोग नाही. टेंडरमध्ये नुसतं "सिरीज रिअ‍ॅक्टर" लिहिलं असेल तर टक्केवारी विचारल्याशिवाय दर देऊ नका.

नागपुरात पॅनेल बांधणाऱ्यांसाठी: लो टेन्शन कॅपॅसिटरचा तापमान वर्ग डी घ्या. त्याची कमाल मर्यादा ५५ अंश, पण २४ तासांची सरासरी ४५ च्या आत हवी. मे महिन्यात बाहेर ४५ असताना बंद पॅनेलच्या आत सहज दहा अंश जास्त असतात, म्हणून पंखा आणि खालून-वरून हवेची वाट दिल्याशिवाय वर्ग डीसुद्धा टिकत नाही.

३३ केव्ही बँक सोडल्यावर डिस्चार्ज रेझिस्टर तिला ७५ व्होल्टपर्यंत उतरवायला दहा मिनिटं घेऊ शकतो. पुन्हा चालू करण्याचा टायमर त्याहून कमी लावू नका. हात लावण्याआधी दहा मिनिटं थांबा, मग अर्थिंग रॉडने तिन्ही फेज आणि न्यूट्रल अर्थ करा, आणि फ्यूज उडालेलं युनिट असेल तर त्याचे टर्मिनल वेगळे शॉर्ट करा. फ्यूज उडालेल्या युनिटमधला चार्ज बसवर केलेल्या अर्थिंगने जात नाही. ही पायरी गाळणं जिवावर बेततं.

कंट्रोलर आणि पहिली चाचणी

केंद्राचा पॉवर प्लांट कंट्रोलर जोडणीच्या बिंदूवर मोजतो आणि सगळ्या मशीन्सना व एसव्हीजीला वाटून आदेश देतो. तीन पद्धती असतात: ठरावीक एमव्हीएआर, ठरावीक पॉवर फॅक्टर, किंवा ड्रूपसह (व्होल्टेज ठरल्यापासून जितकं सरकेल त्या प्रमाणात व्हार बदलणाऱ्या उतारासह) व्होल्टेज. व्होल्टेज पद्धतीत ड्रूप शून्याजवळ ठेवू नका. त्याच बसवर शेजारचं दुसरं केंद्रही व्होल्टेज धरून बसलेलं असेल तर दोघं एकमेकांविरुद्ध ढकलत राहतात, एक पुरवतो आणि दुसरा ओढतो. ४ टक्क्यांपासून सुरुवात करून भार प्रेषण केंद्राशी बोलून पक्कं करा. महाराष्ट्रात राज्य भार प्रेषण केंद्र कळव्याला आहे, आणि आपल्या बाजूचं क्षेत्रीय केंद्र नागपुरात अंबाझरीला.

पहिल्यांदा लूप बंद करताना आदेश फक्त १ एमव्हीएआरचा द्या आणि मीटर कुठल्या दिशेला हलतो ते बघा. सीटीची (प्रवाह मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची) पोलॅरिटी उलटी असेल तर कंट्रोलरला १ पुरवूनही ते उणे दिसतं, तो आणखी पुरवतो, आणखी उणे दिसतं, आणि मिनिटभरात सगळी मशीन्स मर्यादेला जाऊन व्होल्टेज ट्रिपवर पोचतात. छोट्या पायरीने हे निरुपद्रवीपणे पकडलं जातं. त्यानंतर ५, १०, १६ अशा पायऱ्या, दोन्ही दिशांना, आणि प्रत्येक पायरीला १३२ केव्ही बस, ३३ केव्ही बस, टॅप आणि सर्वांत दूरच्या मशीनचं टर्मिनल व्होल्टेज एकाच वेळी लिहून घ्या. लांबच्या फीडरच्या शेवटचं मशीन आधी सुटतं. अभ्यासात सगळी मशीन्स एकच धरली असतील तर हे तिथे दिसलेलं नसतं.

सुरू झाल्यावर

मीटर १५ मिनिटांच्या ब्लॉकमध्ये नोंदतो. आंतरराज्य जोडणीत हिशोब व्होल्टेजवर आहे: ९७ टक्क्यांखाली व्हार ओढले तर पैसे भरा, १०३ टक्क्यांवर पुरवले तर भरा. राज्यांतर्गत दर आणि मर्यादा राज्य वीज नियामक आयोगाच्या आदेशात आणि तुमच्या करारात असतात, ते पान काढून भिंतीवर लावा. महिन्याचं बिल बघताना एकूण केव्हीएआरएचवर थांबू नका. वारा नसलेले रात्रीचे ब्लॉक वेगळे काढा. तिथे सतत ओढ दिसली तर ट्रान्सफॉर्मरांचं चुंबकीकरण कुणी भरून काढत नाही, म्हणजे एसव्हीजी वारा पडल्यावर बंद राहतोय. सतत पुरवठा दिसला तर केबल, लाइन किंवा आत राहिलेली कॅपॅसिटर बँक. बँकेच्या ब्रेकरची वेळ त्या ब्लॉकशी जुळवून पाहिली की यातलं नेमकं कोणतं, ते अर्ध्या तासात कळतं.